सोलापुरात राहून स्नोबोर्डिंग: बोर्डाची, बुटांची आणि शरीराची वर्षभराची निगा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि मे महिन्यात येथील पारा ४२-४३ अंशांच्या वर सहज जातो. अशा गावात राहून स्नोबोर्डिंगचा, म्हणजे एकाच फळीवर दोन्ही पाय अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा, छंद जोपासणाऱ्या माणसाला बर्फावर वर्षातून आठ, फार तर दहा दिवस मिळतात. उरलेले साडेतीनशे दिवस त्याचा बोर्ड घरातच असतो. नऊ हिवाळ्यांच्या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे, की बर्फावर बोर्ड कसा चालेल हे बहुतांशी या साडेतीनशे दिवसांत ठरते. निगेविषयी जे लिहिलेले सापडते ते थंड देशांतल्या घरांसाठी असते. आपल्याकडचे पत्र्याचे छप्पर, उन्हाळ्यात तापणारा माळा आणि पावसाळ्यातली ओल यांचा विचार त्यात नसतो. म्हणूनच हा लेख सहलीच्या तयारीपासून सुरू न करता सहलीहून घरी परतल्याच्या दिवसापासून सुरू केला आहे.

घरी आल्यावर पहिले काम

प्रवासाने कितीही दमलेले असलो तरी बोर्डाची बॅग त्याच दिवशी उघडावी. गुलमर्गहून निघताना बोर्ड कोरडा वाटला तरी बाइंडिंगच्या (बूट बोर्डाला अडकवून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याच्या) चकतीखाली, पट्ट्यांच्या फटीत आणि बॅगेच्या अस्तरात पाणी राहिलेले असते, आणि दोन दिवसांच्या प्रवासात तेच पाणी पोलादी कडांवर गंजाचे तांबूस ठिपके उमटवते. प्रथम प्लसच्या तोंडाच्या तीन नंबरच्या स्क्रू ड्रायव्हरने बाइंडिंग सोडवून घ्यावे. त्याचे स्क्रू एका डबीत ठेवून डबीवर चिठ्ठी लावावी, कारण हे स्क्रू सहा मिलिमीटर व्यासाचे आणि ठरावीक लांबीचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला जरा लांब स्क्रू त्या जागी लावला तर तो आतून बेसला, म्हणजे बोर्डाच्या बर्फावर घसरणाऱ्या तळाला, फुगवटा आणतो. त्यानंतर संपूर्ण बोर्ड, विशेषतः दोन्ही कडा, टर्किश टॉवेलने पुसून पंख्याखाली उभा करून ठेवावा. आपल्या गावचा जाड टॉवेल या कामाला उत्तम आहे. मात्र बोर्ड पुसून झाल्यावर तोच ओला टॉवेल किंवा दमट चादर त्याच्याभोवती गुंडाळून ठेवू नये. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि नेमके ते कडांना चिकटून राहते.

बुटांना त्याहून जास्त वेळ लागतो. आतले मऊ अस्तर पूर्ण बाहेर काढावे, पायतळाची गादी वेगळी करावी, आणि बाहेरच्या कवचात व अस्तरात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सकाळ-संध्याकाळ बदलावेत. लवकर वाळावेत म्हणून बूट गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिसऱ्या वर्षी मी वाळवलेले बूट उन्हाळाभर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवले होते. पुढच्या जानेवारीत गोंडोलाच्या (डबे असलेल्या रोपवेच्या) रांगेकडे चालत जात असताना उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला आणि दहा पावलांत तो टाचेपर्यंत सुटला. उष्णतेने तळाचा गोंद आतल्या आत संपला होता, वरून बूट नवाच दिसत होता. तो दिवस मी भाड्याच्या, एक माप मोठ्या बुटांत काढला आणि प्रत्येक वळणाला टाच उचलली जात होती. तेव्हापासून बूट घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, नाडी हलकी आवळून ठेवतो. नाडी मोकळी सोडली तर बुटाचा आकार पसरतो.

बोर्ड कोठे ठेवावा

माळा, गाडीची डिकी, बाल्कनी आणि पश्चिमेकडची भिंत या चारही जागा वर्ज्य समजाव्यात. एका मे महिन्यात मी माळ्यावर साधा थर्मामीटर ठेवून पाहिला, तर दुपारी तीन वाजता तो ५१ अंश दाखवत होता. बोर्ड म्हणजे लाकडाचा गाभा, काचतंतूचे थर, पोलादी कडा आणि प्लास्टिकचा बेस हे सर्व राळेने एकत्र चिकटवलेले असते. प्रत्येक थर उष्णतेने निराळ्या प्रमाणात प्रसरण पावतो आणि वर्षानुवर्षे हा ताण बसत राहिला, की थर सुटण्याची शक्यता वाढते. शिवाय मऊ जातीचे वॅक्स एवढ्या उष्णतेत ओघळू लागते. पलंगाखाली, आतल्या खोलीत, फरशीपासून चार बोटे वर, आडवा ठेवलेला बोर्ड सुरक्षित असतो. त्यावर कोरडी सोलापुरी चादर टाकावी, म्हणजे धूळ बसत नाही आणि हवाही खेळती राहते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चादर काढून कडांवरून बोट फिरवून पाहावे.

वॅक्स लावण्याची रीत

हा भाग सविस्तर लिहितो, कारण घरी करण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि सर्वांत जास्त बोर्डही याच कामात बिघडतात. बेस हा पॉलिएथिलीनचा असतो. वॅक्स वितळवून त्यात जिरवले नाही तर बेस कोरडा पडतो, पांढुरका दिसू लागतो आणि बर्फावर घसरण्याऐवजी चिकटतो. उन्हाळ्यापूर्वी जाड थर लावून तो तसाच ठेवायचा आणि सहलीपूर्वी तो खरवडून काढायचा, असे हे दोन टप्प्यांचे काम आहे. जाड थर कडांवरही ओढला, तर तेच वॅक्स गंजापासून संरक्षण देते. कडांना वेगळे तेल लावण्याची गरज नाही, उलट ते तेल बेसवर पसरून त्रास देते.

साहित्य फार लागत नाही. सर्व तापमानांना चालणारे साधे हायड्रोकार्बन वॅक्स, प्लास्टिकची खरवडपट्टी, नायलॉनचा ब्रश आणि इस्त्री एवढे पुरेसे आहे. फ्लोरिनयुक्त वॅक्सच्या मागे लागू नये; आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्येही त्यावर बंदी घातली आहे, आणि हौशी माणसाला त्याचा उपयोग तसाही नव्हता. वॅक्सची खास इस्त्री मिळाली तर उत्तम, नाहीतर वाफेची भोके नसलेली जुनी इस्त्री चालते, परंतु ती यापुढे कपड्यांना वापरायची नाही हे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

काम पहाटे सहाच्या सुमारास सुरू करावे. मार्चनंतर दुपारी खोलीचे तापमान ३८-४० अंश झाले, की वॅक्स घट्ट बसत नाही आणि खरवडताना त्याचे कुरकुरीत पापुद्रे निघण्याऐवजी लगदा होऊन पट्टीला चिकटतो. दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर टॉवेलच्या घड्या ठेवून बोर्ड पालथा ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पंखा बंद करावा. बेस स्वच्छ पुसून त्यावर खोल ओरखडे आहेत का ते पाहावे. लहान ओरखडा बेस भरायच्या प्लास्टिक कांडीने बुजवता येतो: कांडी पेटवून ज्योत लहान व निळसर ठेवावी, काजळी धरलेला पहिला थेंब पत्र्याच्या तुकड्यावर पाडावा, मग ओरखड्यात थेंब सोडून तो पूर्ण थंड झाल्यावर धारेच्या पट्टीने सपाट करावा. ओरखड्यातून लाकूड किंवा काचतंतू दिसत असेल तर घरगुती उपाय न करता दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावा, कारण त्यातून पाणी गाभ्यात शिरते.

इस्त्री सर्वांत कमी तापमानावर ठेवून हळूहळू वाढवावी. वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवली, की ती संथपणे थेंबाथेंबाने वितळली पाहिजे. धूर निघाला तर इस्त्री नक्कीच जास्त तापली आहे. १२० अंशांच्या आसपासचे तापमान बहुतेक वॅक्सना पुरते, आणि बेसचे प्लास्टिक १३० अंशांच्या थोडेसे वर वितळू लागते, त्यामुळे चुकीला जागा फार थोडी असते. बोर्डाच्या लांबीवर नागमोडी थेंब पाडून झाल्यावर इस्त्री टेकवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्यावी. इस्त्रीच्या मागे साधारण वीतभर ओलसर चकाकणारा पट्टा राहून तो हळूहळू मंद होत जावा. तो पट्टा हातभर लांब राहिला, तर वेग वाढवावा. इस्त्री एका जागी क्षणभरही थांबवू नये. मधूनमधून बोर्डाच्या वरच्या बाजूला तळहात लावून पाहावा: कोमट लागणे योग्य, चटका बसणे धोक्याचे. दुसरी फेरी झाल्यावर बोर्ड तासभर थंड होऊ द्यावा आणि थर तसाच ठेवून पलंगाखाली सरकवावा.

खरवडण्याचे काम डिसेंबरमधल्या थंड सकाळी करावे. पट्टी दोन्ही हातांनी धरून, तिला थोडा बाक देऊन, बोर्डाच्या नाकाकडून (पुढच्या टोकाकडून) शेपटीकडे (मागच्या टोकाकडे) ओढत न्यावी. हाताला काही येईनासे झाले, की ब्रश फिरवावा. बेसवर वॅक्स अजिबात दिसत नाही असे वाटेपर्यंत खरवडावे, कारण उपयोगाचे वॅक्स आत जिरलेले असते आणि वर राहिलेला थर बर्फाला धरून ठेवतो. गुलमर्गचा जानेवारीतला बर्फ कोरडा आणि थंड असतो, म्हणून तेव्हा थंड तापमानाचे कडक वॅक्स अधिक बरे पडते.

कडा

गंजाचे हलके ठिपके घासायच्या रबराने निघतात. धार लावण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एकेरी दात्यांची बारीक कानस आणि काटकोनात धरून ठेवणारे साधन हवे. मी एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या अँगलचा वीतभर तुकडा कापून घेतला. तो बेसवर टेकवून त्याला कानस दाबून धरली, की धार नव्वद अंशांची राहते. कानस एकाच दिशेने, हलक्या हाताने, लांब ओढीत चालवावी. नखाच्या पाठीवर कड अलगद फिरवल्यावर बारीक भुगा निघाला तर धार पुरेशी आहे. नाक आणि शेपटी यांच्या वळणावरची धार मात्र मुद्दाम थोडी बोथट ठेवावी, नाहीतर नवशिक्याचा बोर्ड अनपेक्षितपणे बर्फात रुततो. दरवर्षी मनापासून कानस मारल्यास कडा लवकर संपतात. दोन सहलींतून एकदा पुरे.

दिवाळीपासूनची तयारी

नव्याने साहित्य घेणाऱ्याने आधी बूट घ्यावेत आणि बोर्ड एक-दोन वर्षे भाड्याने वापरावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत आणि टाच जागेवरून हलू नये, हे योग्य मापाचे लक्षण आहे. सहलीच्या महिनाभर आधी रोज संध्याकाळी अर्धा तास बूट घालून घरात वावरावे. कोठे रुततात हे सोलापुरात समजले तर उपाय करता येतो, उतारावर समजले तर सहल वाया जाते.

व्यायाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू करावा. धावण्याने दम वाढतो, पण स्नोबोर्डिंगमध्ये प्रत्यक्षात थकतात त्या मांड्या, पोटऱ्या आणि पाऊल वर उचलून धरणारे नडगीचे स्नायू, कारण बोर्ड कडेवर उभा ठेवताना ताण तेथेच येतो. एका पायावरच्या बैठका, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे बसणे आणि टाचांवर चालणे हे तीन प्रकार मी कधी चुकवत नाही. पहाटे कंबर तलावाच्या बाजूला चालायला जाणाऱ्यांना टाचांवर शंभर पावले चालून पाहायला हरकत नाही; नडग्या कशा पेटतात ते लगेच समजेल. याशिवाय जुन्या सतरंजीवर बोर्ड ठेवून, बूट आणि बाइंडिंग अडकवून, बसलेल्या अवस्थेतून उठण्याचा सराव करावा. पहिल्या दिवशी नवशिक्याची निम्मी शक्ती या उठण्यातच जाते. पडण्याचाही सराव गादीवर करावा: पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर, मागे पडताना हनुवटी छातीला लावून आणि हात मागे न टेकवता. नवशिक्यांमध्ये मनगटाचे हाड मोडणे ही सर्वांत सामान्य दुखापत आहे आणि ती पसरलेला तळहात टेकवल्याने होते. मनगटाचे संरक्षक आणि हेल्मेट या दोन्ही वस्तूंवर काटकसर करू नये.

कपड्यांच्या बाबतीत सोलापूरकराला एक सवय मोडावी लागते. सुती बनियन आणि सुती मोजे बर्फावर अजिबात चालत नाहीत. घामाने ओले झालेले सूत वाळत नाही आणि अंग गारठते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये उबदार थर आणि बाहेर पाणी व वारा अडवणारे जाकीट व पँट असावी. मोज्यांची एकच जोडी घालावी, दोन घातल्यास रक्तप्रवाह दबून पाय उलट जास्त गार पडतात. जाकीट घरी धुताना साधी धुण्याची पावडर आणि सुगंधी सॉफ्टनर वापरू नये, त्याने पाणी न धरण्याचा गुण जातो.

तारीख ठरवणे आणि प्रवास

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, असतो आणि भरपूर बर्फ बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो. आपल्याकडे मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि त्या दिवसांत घर सोडणे मनाला पटत नाही, म्हणून मी जानेवारीचा शेवटचा आठवडा धरतो. त्या सुमारास बर्फाचा थरही चांगला बसलेला असतो. परतीच्या तारखेनंतर एक दिवस मोकळा ठेवावा, कारण हिमवृष्टीत श्रीनगरची विमाने रद्द होतात.

देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान नेता येते. बोर्ड तीन किलोपर्यंत, बाइंडिंग दोन, बूट दोन आणि बॅग दोन-तीन किलो धरली, तर कपड्यांसाठी पाच-सहा किलो उरतात, त्यामुळे जाकीट अंगावर घालून जाणे शहाणपणाचे. लांब बॅगेचे वेगळे शुल्क लागते का हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. बूट शक्यतो हातातल्या बॅगेत न्यावेत. बोर्ड हरवला तर भाड्याने मिळतो, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच लागते. आगगाडीने जाणाऱ्याला पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत जाता येते, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, त्यामुळे सोबतच्या एकाकडे तरी पोस्टपेड असावे.

उतारावर

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, गुलमर्ग २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो ते कोंगडोरी सुमारे ३,१०० मीटरवर आणि दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर जातो. सोलापुरात कितीही व्यायाम केला तरी शरीर या उंचीला सरावत नाही. पहिली रात्र श्रीनगरला, पुढचे दोन दिवस गुलमर्गच्या खालच्या उतारांवर आणि मग कोंगडोरी, असा क्रम ठेवावा. डोकेदुखीसोबत मळमळ होऊ लागली, तर वर जाऊ नये. लक्षणे वाढली, तर खाली उतरावे. रक्तदाबाची किंवा इतर नेहमीची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

अफरवतवरचा उतार म्हणजे आखलेला, दाबून सपाट केलेला मार्ग नव्हे. तेथे हिमस्खलन होते आणि माणसे दगावली आहेत. गस्ती पथकाने खुला केलेला भाग सोडून जायचे असेल, तर स्थानिक वाटाड्या सोबत हवा, आणि बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे शोधयंत्र, चाचपणीची काठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे आणि त्यांचा वापर करता आला पाहिजे. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचीच असते. वर्षाला दहा दिवस बोर्डवर उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी खुल्या भागाच्या हद्दीवरच्या दोरीपलीकडे जाऊ नये असे मला मनापासून वाटते, मग पलीकडचा बर्फ कितीही अस्पर्श दिसो.

उन्हाबद्दल आपण निर्धास्त असतो, पण ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावावे. गॉगलच्या आत धुके आले तर काच आतून पुसू नये, तिच्यावरचा थर निघतो. झटकून वाऱ्यावर धरावा. पहिल्या घसरणीनंतर थांबून दोन्ही बाइंडिंगचे सर्व स्क्रू तपासावेत, कारण नव्याने बसवलेले स्क्रू हटकून थोडे सैल होतात. खिशात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणीची पुडी ठेवावी. चॉकलेट थंडीत दगडासारखे होते, भाकरी आहे तशीच राहते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट घ्यावे. शेवटची फेरी थकण्याच्या आधीची असावी, कारण पाय दमल्यावर मागची कड वेळेवर उचलली जात नाही आणि दुखापती दुपारी तीननंतरच अधिक होतात असा माझा अनुभव आहे.

मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी बोर्ड खोलीत आणून, बर्फ वितळू देऊन, पुसून, बुखारीपासून (खोली तापवणाऱ्या काश्मिरी शेगडीपासून) हातभर तरी लांब उभा ठेवावा. बुटांचे अस्तर त्याच वेळी बाहेर काढावे. सकाळी बॅग भरताना बाइंडिंगखाली सुका टॉवेल घालावा आणि बोर्डाच्या दोन्ही टोकांना मोज्यांच्या जोड्या गुंडाळाव्यात. विमानतळावर बॅग आपटली जाते ती नेमकी याच टोकांवर.